आईंचा गुडघा, कुंभार्ली घाट आणि आमची नवी गाडी

२५ ऑगस्ट २०२५ ला, सोमवारी, आम्ही पाच जण कराडहून चिपळूणजवळच्या आमच्या गावी गणपतीला निघालो. मी, नवरा, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. गाडी २०१२ सालची, छोटी हॅचबॅक. पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग कुंभार्ली घाट, हा रस्ता आमच्या अगदी पायाखालचा. पण त्या वर्षी फेब्रुवारीत आईंच्या (सासूबाईंना मी आईच म्हणते) उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतरचा हा त्यांचा पहिलाच लांबचा प्रवास.

हेळवाकला चहाला थांबलो तर आईंना गाडीतून बाहेर येताच येईना. सीट इतकी खाली की उठायला जोर लावायचा कशावर? नवऱ्याने दोन्ही हात धरले, मी मागून आधार दिला. त्या बाहेर आल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. गौरी-विसर्जन करून परत निघालो तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं, "वाटेत माझ्यासाठी थांबू नका गं." घरून निघताना त्या पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत, मध्ये उतरावं लागू नये म्हणून. हे मला घरी पोहोचल्यावर मुलीकडून कळलं, आणि गाडी बदलायची हे माझ्या मनात तिथेच पक्कं झालं.

तो दिवस ३ सप्टेंबरचा. त्याच रात्री उशिरा टीव्हीवर जीएसटी परिषदेची बातमी आली, छोट्या गाड्यांवरचा कर २२ सप्टेंबरपासून १८ टक्के. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर म्हणाल्या, "घ्यायचीच असली तर मला चढता-उतरता येईल अशी बघा."

तिथपासून गाडी दारात येईपर्यंत आठ आठवडे गेले. आमच्यासारखं नोकरदार घर, दहा-अकरा लाखांचं बजेट, आणि गाड्यांबद्दलचं ज्ञान यथातथाच. वाटेत जे जे अडलं ते तसंच लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी 'छोटी गाडी' कशाला म्हणतात ते समजून घ्यावं लागलं, कारण निम्मा हिशोब तिथेच ठरतो. लांबी चार मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. या दोन्ही अटींत बसणाऱ्या पेट्रोल गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर मिळून २९ टक्के लागायचे, डिझेलला ३१. आता दोन्हींना १८. म्हणून तर आपल्याकडच्या कॉम्पॅक्ट एसयूव्ही ३९९० किंवा ३९९५ मिलिमीटरवर येऊन थांबतात. मारुतीच्या ब्रेझाची लांबीही ३९९५ मिलिमीटरच आहे, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती या व्याख्येबाहेर पडते. तिच्यावर ४५ टक्के होते ते ४० झाले. आणखी एक गोष्ट. २९ वरून १८ म्हणजे किंमत ११ टक्क्यांनी उतरणार असं आम्ही धरून चाललो होतो. तसं होत नाही. कर मूळ किमतीवर लागतो, त्यामुळे शोरूमच्या किमतीतली घट साडेआठ टक्क्यांच्या आसपास भरते. आधी ११ लाखांना मिळणारी गाडी साधारण १० लाख ६ हजारांवर येते.

८ सप्टेंबरपासून पितृपक्ष सुरू झाला. आईंनी तोडगा काढला, "बघायला कसला पितृपक्ष? पैसे तेवढे द्यायचे नाहीत." आणि हे दोन आठवडे आमच्या फार पथ्यावर पडले. शोरूम ओस पडलेली, वर सगळे २२ तारखेच्या नव्या किमतींची वाट बघत बसलेले. एकेका गाडीपाशी आम्ही तास-दीड तास घालवला, कुणी घाई केली नाही. नवरात्रात त्याच शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्या घरी चालत असेल तर गाड्या बघायला पितृपक्षासारखे दिवस नाहीत.

शोरूमला जाण्यापूर्वी मी घरी एक काम केलं. आईंना कुठल्या खुर्चीवरून आधाराशिवाय उठता येतं ते पाहिलं. सोफ्यावरून नाही, जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून येतं. शिवणाच्या डब्यातली टेप काढून त्या खुर्चीची उंची मोजली, एकोणीस इंच. ऑपरेशन झालेला गुडघा न दुखता किती उचलला जातो तेही पायरीवर उभं करून पाहिलं. त्यांच्या वॉकरची घडी घालून लांबी-रुंदी वहीत लिहिली. तिघांना मागे बसवायचं होतं, म्हणून आई आणि दोन्ही मुलांना दिवाणावर शेजारी-शेजारी बसवून खांद्यापासून खांद्यापर्यंतचं मापही घेतलं. मुलं हसत होती, पण पुढे हीच वही कामाला आली.

१० सप्टेंबरला संध्याकाळी पहिलं शोरूम. मी टेप आणि वही घेऊन उभी, प्रश्न मी विचारतेय, आणि सेल्समन उत्तरं नवऱ्याकडे बघून देतोय. "सर, पिकअप बघा." "सर, मॅडमना कलर कोणता आवडतो?" जुनी गाडी माझ्या नावावर आहे, तेरा वर्षं तीच चालवून मी कॉलेजला शिकवायला जाते आहे. शेवटी नवराच म्हणाला, "गाडी ह्या घेणारेत, त्यांच्याशी बोला." मला त्या संध्याकाळी खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या ठिकाणी मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की गाडी माझ्या नावावर होणार आहे आणि चालवणार मी आहे. तिथे बोलणं नीट झालं. बायकांनो, हे पहिल्या मिनिटातच सांगा.

आम्ही चार गाड्या मनापासून पाहिल्या. टाटाची नेक्सॉन, ब्रेझा, स्कोडाची कायलाक आणि महिंद्राची थ्री एक्स ओ. यातल्या ब्रेझा सोडून तिन्ही आपल्या महाराष्ट्रात तयार होतात हे मला तेव्हाच कळलं, नेक्सॉन रांजणगावला, कायलाक चाकणला आणि थ्री एक्स ओ नाशिकला. त्या तिघींना भारत एनकॅपच्या चाचणीत (गाडी धडकवून ती किती सुरक्षित आहे ते बघतात) पाच स्टार आहेत. ही आपली स्वतःची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. मोठ्यांच्या सुरक्षेचे गुण वेगळे आणि मुलांच्या सुरक्षेचे वेगळे असतात, ते दोन्ही बघा.

आता आईंच्या चढण्या-उतरण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण याबद्दल मला कुठे धड वाचायला मिळालं नाही. माझी समजूत होती की गाडी उंच म्हणजे म्हाताऱ्या माणसाला सोपी. ते अर्धंच खरं आहे. सीट उंच असेल तर बसणं-उठणं सोपं जातं, पण गाडीचा उंबराही वर जातो आणि ऑपरेशन झालेला पाय त्यावरून आत घ्यायला त्रास होतो. आईंची पद्धत अशी, आधी पाठमोरं होऊन सीटच्या कडेला टेकायचं, मग अंग वळवून एक पाय आत, मग दुसरा. त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. सीटची कड उंबऱ्यापासून लांब नको, नाहीतर टेकायला मागे रेलावं लागतं. दार भरपूर उघडायला हवं. आणि वरची कड इतकी खाली नको की डोकं वाकवावं लागेल. मागचं छप्पर उतरतं असलं की दिसायला गाडी छान दिसते, पण वाकणाऱ्याची पंचाईत होते. आम्ही प्रत्येक गाडीत आईंना तीन-तीनदा चढ-उतार करायला लावली, पुढे एकदा, मागे दोनदा. पहिल्या वेळी सगळंच जमतं, तिसऱ्या वेळी गुडघा खरं सांगतो. बसण्यापेक्षा उतरताना नीट लक्ष द्या. हात कुठे जातो, धरायला काही सापडतं का, पाय जमिनीला पूर्ण टेकतो का.

नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून तळाची उंची) २०८ मिलिमीटर, आणि तिथे आईंना पाय जरा जास्त उचलावा लागला. गाडी मला स्वतःला फार आवडली होती, चालवायला आणि दिसायलाही. ब्रेझात त्या अगदी सहज बसल्या, सरळ पाठीची, खुर्चीसारखी सीट. पण करामुळे आम्हाला हव्या त्या व्हेरियंटची किंमत बजेटच्या बाहेर जात होती. कायलाकची डिकी सगळ्यांत मोठी, ४४६ लिटरची (नेक्सॉनची ३८२, ब्रेझाची ३२८), वॉकर आडवा ठेवून वर बॅगा मावल्या. शिवाय तिचं इंजिन ९९९ सीसीचं असल्याने तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) विमा ६,५२१ रुपयांत बसतो, १००० ते १५०० सीसीला तो १०,६४० आहे. आईंना चढायलाही ती सोपी गेली. अडलं मागच्या सीटवर. रुंदी १७८३ मिलिमीटर आणि माझी मुलगी आता अंगापिंडाने वाढलीय. तिघं बसली की मधला मुलगा आवळून बसायचा. थ्री एक्स ओची रुंदी १८२१ आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २६०० मिलिमीटर, दिवाणावर घेतलेलं माप तिथे टेप लावल्यावर जुळलं. मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा होता हे मी मुद्दाम लावून पाहिलं. डिकी मात्र या चौघींत मला तोकडी वाटली. वॉकर उभा करून, बॅगा त्याला टेकवून ठेवाव्या लागणार हे तिथेच दिसलं.

१३ सप्टेंबरला साताऱ्यात टेस्ट ड्राइव्ह घेतली तेव्हा मी यवतेश्वर घाटाचा आग्रह धरला. शोरूमवाले शहरातल्या सपाट रस्त्यावर चार किलोमीटरची चक्कर मारून आणतात, त्यात घाटाचं काहीच कळत नाही. गाडीत पाच सीटा आणि सेल्समन सहावा, म्हणून मुलाला नवऱ्याबरोबर खाली ठेवलं आणि आई, मुलगी, सेल्समन आणि मी असे चौघं वर गेलो. एसी चालू ठेवून, वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दमते का ते पाहिलं. चढावर थांबवून पुन्हा उचलली. आईंना विचारत होते, मान हलते का, पोटात ढवळतं का. त्यांनी शेवटी एवढंच सांगितलं, "मागून रस्ता दिसतोय गं." जुन्या गाडीत त्यांना पुढच्या सीटच्या पाठीशिवाय काही दिसत नसे, हे तेरा वर्षांत आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग थ्री एक्स ओ ठरली. पेट्रोल, मॅन्युअल. आमचं चालणं वर्षाला नऊ हजार किलोमीटरच्या आत, त्यात डिझेलचे जास्तीचे पैसे वसूल झाले नसते. महाराष्ट्रात डिझेल गाडीला रस्ता करही दोन टक्के जास्त आहे. सीएनजीला सगळ्यांत कमी, दहा लाखांपर्यंत ८ टक्के, पण डिकीत टाकी आली की वॉकर कुठे ठेवायचा हा प्रश्न होता.

व्हेरियंट ठरवताना दहा लाखांची रेघ आडवी आली. आपल्याकडे खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के रस्ता कर आहे, दहा ते वीस लाखांना १२ टक्के, आणि तो सगळ्या किमतीवर लागतो, वरच्या भागावर नाही. ९ लाख ९० हजारांच्या गाडीला १,०८,९०० रुपये कर. १० लाख २० हजारांच्या गाडीला १,२२,४००. वर दहा लाख ओलांडले की शोरूमवाले १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर) घेतात, म्हणजे आणखी १०,२००. हा टीसीएस बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण गाडी घेताना रोख द्यावा लागतो. तीस हजारांचा फरक असा चौपन्न हजारांवर जातो. मुलांना वरचा व्हेरियंट हवा होता. सहा एअरबॅग, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) खालच्या व्हेरियंटपासून मिळतात हे कळल्यावर मी रेघेच्या आतच राहायचं ठरवलं. मुलगा दोन दिवस रुसला होता.

२२ सप्टेंबरला घटस्थापना. २३ तारखेला सकाळी दोन शोरूममधून लेखी कोटेशन घेतलं. तोंडी आकड्यावर विसंबू नका, छापील आणि ओळ-ओळ वेगळी दाखवणारं मागा. एका ठिकाणी एक्स-शोरूम किमतीखाली (रस्ता कर आणि विमा धरण्यापूर्वीची किंमत) 'हँडलिंग चार्जेस ८,५००' आणि 'इसेन्शियल किट १२,०००' अशा दोन ओळी होत्या. किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, स्टिअरिंग कव्हर आणि वासाची बाटली. मी विचारलं, हँडलिंग कशाचं? गाडी शोरूमपर्यंत आणणं तर एक्स-शोरूम किमतीतच धरलेलं असतं. पाच मिनिटं इकडचं-तिकडचं बोलणं झालं आणि आत जाऊन आल्यावर दोन्ही ओळी गेल्या. आवाज चढवावा लागला नाही, फक्त "हे कशाचं?" एवढं तीनदा विचारावं लागलं.

विम्याची रक्कम तिथे ५२ हजार लिहिली होती. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेता येतो, आणि तो कुठून घ्यायचा हे आपण ठरवायचं. मी त्याच सोयींचा, म्हणजे झिरो डेप (झिजेची वजावट न करता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीची भरपाई) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडीच गेली तर बिलाची रक्कम) धरून, बाहेरून आकडा काढला. जुन्या गाडीचा ५० टक्के नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) लावून तो ३८ हजारांवर आला. शोरूमवाल्याने हा बोनस हिशोबात धरलाच नव्हता, कारण आम्ही विचारलं नव्हतं.

याच बोनसमुळे एक मोठी चूक टळली. २४ तारखेला २१ हजार भरून बुकिंग केलं, फॉर्म सेल्समनने भरला, मी सही करणार तेवढ्यात दिसलं की खरेदीदार म्हणून नवऱ्याचं नाव लिहिलंय. नो क्लेम बोनस गाडीला मिळत नाही, मालकाला मिळतो. जुनी गाडी माझ्या नावावर, तर नवीही माझ्याच नावावर हवी, नाहीतर बोनस येत नाही. फॉर्म फाडून नवा भरून घेतला. बुकिंग रद्द केल्यास पैसे किती दिवसांत परत, तेही पावतीवर लिहून घेतलं.

बोनस वळवायचा तर जुनी गाडी आधी विकायला हवी, आणि तिथे आमची सगळ्यांत जास्त धावपळ झाली. आमच्या मेकॅनिकदादांच्या ओळखीतून १ लाख १५ हजारांना गिऱ्हाईक मिळालं होतं. आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र) काढून बघितलं तर त्यावर अजून बँकेचा बोजा. कर्ज २०१७ मध्येच फिटलं होतं! बँकेने तेव्हा दिलेली एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आम्ही फाइलला लावून ठेवले आणि आरटीओत जायचं राहूनच गेलं. एनओसीची मुदत केव्हाच संपलेली. नवी आणायला गेलो तर ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, जुनं खातं सापडायला नऊ दिवस लागले. मग परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज, फी, अर्जाची छापील प्रत, मूळ आरसी, एनओसी आणि विमा घेऊन कराडच्या कार्यालयात. जुन्या गाडीला एचएसआरपी (सक्तीची, उच्च सुरक्षेची) नंबरप्लेट जुलैतच ८७९ रुपये भरून बसवून घेतली होती म्हणून बरं, नाहीतर तिथेही काम अडलं असतं. बोजा उतरला १० ऑक्टोबरला. तुमचं गाडीचं कर्ज फिटलं असेल तर आज उठून आरसी बघा, एवढं माझं ऐका.

गाडी देताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, प्रती ठेवल्या, आणि साध्या कागदावर तारीख-वेळ घालून 'या क्षणापासून गाडी खरेदीदाराच्या ताब्यात' असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. चलन, अपघात, काहीही झालं तरी ती वेळ उपयोगी पडते. या कागदांवर विमा कंपनीने बोनसचं पत्र दिलं. ते तीन वर्षं चालतं.

कर्जाचं त्या मानाने सरळ झालं. पगाराच्या खात्याच्याच बँकेत गेले. तीन महिन्यांची पगारपत्रकं, दोन वर्षांचे फॉर्म १६, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि शोरूमचं प्रोफॉर्मा इनव्हॉइस (खरेदीपूर्वीचं कच्चं बिल). सात लाख, ८.८५ टक्क्यांनी. मॅनेजर सात वर्षं सुचवत होते, हप्ता ११,२०० च्या आसपास. पाच वर्षांचा हप्ता १४,४८० येत होता. घरी येऊन दोन्हींचं एकूण व्याज काढलं तर फरक त्र्याहत्तर हजारांच्या घरात निघाला. पाच वर्षं घेतली. सणाची म्हणून प्रोसेसिंग फी माफ होती, ती मात्र विचारल्यावरच कळली.

मग वाट बघणं. दसरा, २ ऑक्टोबर, असाच गेला. धनत्रयोदशीला, १८ तारखेला, नक्की देतो म्हणाले होते, पण मागणी इतकी वाढली होती की गाड्या आणायला ट्रेलरच मिळत नाहीत असं सांगण्यात आलं. जुनी गाडी दिलेली, नवी नाही. पंधरा दिवस मी एसटीने कॉलेजला गेले आणि आईंना फिजिओथेरपीला रिक्षाने नेलं. पाडव्याला शेजाऱ्यांच्या दारात नवी गाडी आली तेव्हा मुलगा खिडकीतून बघत राहिला. मलाही जरा लागलं. आईच म्हणाल्या, "येईल रे, तिला काय घाई आहे."

२७ ऑक्टोबरला फोन आला, गाडी यार्डात आलीय. इथे एक गोष्ट सांभाळा. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बिल, विमा आणि नोंदणी करू देऊ नका. एकदा चेसिस नंबर तुमच्या नावावर चढला की गाडी बदलून मिळणं अवघड. मी दुपारच्या उजेडात गेले, गाडी धुतलेली नको असं सांगून. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत. मेकॅनिकदादांना बरोबर नेलं, त्यांचे पाचशे रुपये. टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायर बघितले, स्टेपनीसुद्धा. किलोमीटर ३१. काचांवरचे शिक्के, दारांच्या फटी, सगळी बटणं, दोन्ही किल्ल्या. दादांनी बॉनेट उघडून बॅटरी आणि पाइप तपासले, खाली वाकून बघितलं आणि मान डोलावली. तेव्हा मी म्हटलं, करा बिल.

शेवटचा हिशोब असा झाला. एक्स-शोरूम ९ लाख २० हजार, रस्ता कर १,०१,२००, विमा ३८ हजार, नोंदणी, कर्जाचा बोजा चढवणं, नंबरप्लेट आणि फास्टॅग मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. १० लाख ६३ हजारांना थोडे कमी. वाढीव वॉरंटी घेतली, ती वेगळी. मॅट बाजारातून आणले, अठराशेला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. एमएच ५० ची, म्हणजे कराडची, नंबरप्लेट लागलेली गाडी दारात आली. घरी आणण्यापूर्वी फॉर्म २१ वर (विक्रीचा दाखला) निर्मितीचा महिना-वर्ष आणि बिलावर चेसिस नंबर एकदा जुळवून घेतला. आईंनी चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ वाढवला, आणि दार उघडून स्वतःच मागे बसल्या. आठ दिवसांनी जुन्या गाडीची मालकी बदलल्याचा मेसेज आला, आणि नव्या गाडीच्या आरसीचं कार्ड त्यानंतर पोस्टाने.

१५ नोव्हेंबरला, शनिवारी, पुन्हा कोकणात निघालो. वॉकर डिकीत उभा, एक बॅग मुलीच्या पायाशी, कारण डिकीत खरोखरच मावली नाही. हेळवाकला त्याच टपरीपाशी गाडी लावली. मी इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून, आईंच्या बाजूला जायला वळले तर मागचं दार उघडलेलं होतं. एक हात वरच्या हँडलला, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले, आणि आई नवऱ्याला सांगत होत्या, "माझ्या चहात साखर कमी सांग. आणि पाण्याची बाटली दे आधी."